विश्लेषण : रोहिंग्या स्त्रियांच्या मनाची नोंद घेणे अवघड का?

म्यानमारच्या राखाइन प्रांतातून ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. कॉक्स बझारमधील छावण्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया व मुले आहेत. लष्कराकडून झालेले लैंगिक अत्याचार संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने २०१८ मध्ये नोंदवले. त्या आघाताचे मोजमाप मात्र अद्याप कठीणच आहे.

भाषेची अडचण काय?

रोहिंग्या ही मुख्यतः बोलली जाणारी भाषा. हनिफी लिपी आहे, पण ती वाचणारे थोडे. त्यामुळे छापील प्रश्नावली निरुपयोगी ठरते. सर्वेक्षक अनेकदा चितगावी बोलतात. ती जवळची असली तरी तीच नव्हे. ‘नैराश्य’ला नेमका प्रतिशब्द नाही. बाई सांगते चिंता, अशांती, अंगदुखी. हे शब्द मराठी कानालाही ओळखीचे, पण प्रश्नावलीच्या कोणत्या रकान्यात बसवायचे?

उत्तरे फसवी का ठरतात?

‘पीएचक्यू-९’ ही प्रचलित चाचणी मागील दोन आठवड्यांतील झोप, भूक, थकवा विचारते. बांबू-ताडपत्रीच्या खोपटात, उकाड्यात झोप कोणाला लागेल? भूक शिध्यावर अवलंबून. मिळालेले गुण आजाराचे की छावणीचे, हे आकडा सांगत नाही. असे आकडे जसेच्या तसे अहवालात जातात, हे खटकणारे आहे.

संमती किती खरी?

खोपटाची भिंत म्हणजे ताडपत्री. शेजारणीला सगळे ऐकू जाते. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना बलात्काराबद्दल कोण बोलेल? त्यात अंगठा उमटवण्याची धास्ती. २०१८ मध्ये ओळखपत्रांच्या नोंदणीविरुद्ध छावण्यांत निदर्शने झाली. परत पाठवतील, ही भीती होती. नकार दिला तर शिधा थांबेल, असे वाटणाऱ्या बाईचा ‘हो’ कितपत मोकळा?

प्रश्नांनंतर काय?

लैंगिक हिंसेबाबत माहिती घेण्याआधी पीडितेसाठी किमान मदत उपलब्ध हवी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पुन्हा भेटून पाहणी करणेही सोपे नाही. मार्च २०२१ च्या आगीत हजारो खोपटी जळाली, काही कुटुंबे भासानचर बेटावर हलवली गेली.

रोहिंग्या स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन सर्वेक्षक करणे, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. भाषेचा प्रश्न त्याने सुटतो. पण ती सर्वेक्षक त्याच गल्लीत राहते, आणि उद्या पाण्याच्या रांगेत दोघी समोरासमोर येणार असतात.