विशेष मूल, साधे आईबाप

‘देव असं मूल खास आईबापांच्याच पदरात टाकतो.’ दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कुठेही हे वाक्य कानावर पडतं. म्हणणाऱ्याच्या मनात कीव नसते, आदरच असतो. पण या आदराचा एक तोटा आहे. खास माणसांना मदत लागत नाही, असं आपण धरून चालतो. ज्या आईच्या सहनशक्तीचं एवढं कौतुक चाललेलं असतं, तिला ‘मी बसते तासभर त्याच्याजवळ, तू जरा आडवी हो’ असं म्हणणारं सहसा कुणी भेटत नाही.

वस्तुस्थिती अशी, की ऑटिझम, डाउन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी आईबापांचा स्वभाव बघून घरात येत नाही. तापट बाप, घाबरट आई, उधळे, कंजूष, देवभोळे, नास्तिक, सगळ्यांच्या घरी अशी मुलं जन्मतात. संयम वगैरे त्या आईबापांना वरून मिळालेला नसतो. ते पालकत्व शिकावं लागतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते शिकवता येतं.

याचा एक चांगला पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात आहे. तिथली ‘संगथ’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचं केंद्र, अशा दोन ठिकाणी ऑटिझम असलेल्या २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आले. जवळपास निम्म्या मुलांच्या पालकांना नेहमीच्या उपचारांखेरीज १२ सत्रं मिळाली. ती घेणारे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. आणि ते मुलाला नव्हे, आईबापांना शिकवत होते. पालक आणि मूल खेळत असताना व्हिडिओ घ्यायचा, मग पालकाबरोबर बसून तो बघायचा, एवढीच पद्धत.

असं एखादं सत्र डोळ्यांपुढे आणा. चार वर्षांचा मुलगा चटईवर बसून स्टीलच्या डब्याचं झाकण गरगर फिरवतोय. आई समोर. ‘हे काय आहे? झाकण. म्हण बरं, झा-कण. रंग कोणता याचा? माझ्याकडे बघ. अरे बघ ना!’ मुलगा पाठ फिरवतो. आई गाडी पुढे करते, मग पुस्तक, मग चेंडू. नंतर व्हिडिओ बघताना कार्यकर्ती एका जागी थांबवते. चेंडू शोधायला आईनं पिशवीत हात घातला होता, तीनचार सेकंद ती गप्प होती. नेमकं तेव्हाच मुलानं झाकण थांबवून तिच्याकडे बघितलं होतं. आईला ते दिसलंच नव्हतं. पुढच्या वेळी तीही एक झाकण घेते, त्याच्या शेजारी बसून फिरवते, काही बोलत नाही. तिचं झाकण आधी आडवं होतं. खण्ण! मुलगा झाकणाकडे बघतो, मग तिच्याकडे. ‘पडलं!’ एवढंच ती म्हणते. तो झाकण उचलतो आणि तिच्या हातात देतो. पुन्हा फिरव, असं त्यानं सांगितलेलं असतं, शब्दाविना.

गोवा-रावळपिंडीच्या अभ्यासात नेमका हाच बदल मोजला गेला. पालकांचं मुलाच्या कलानं वागणं ठळकपणे वाढलं आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळ्याच मोजमापांत यश आलं असंही नाही. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीत गुंतण्याचा वेळ उलट कमी भरला. पण ‘आपलं काम मुलाला थेरपीला नेऊन सोडणं, बाकी तज्ज्ञ बघतील’ हा समज किती अपुरा आहे, ते यातून दिसतं. ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) आणि स्पीच थेरपी मिळून आठवड्यात तीनचार तास होत असतील. बाकी सगळा वेळ मूल घरी असतं.

म्हणून घराचंच क्लिनिक करायचं का? मुळीच नाही. प्रत्येक घासाला ‘हे काय? चमचा. म्हण, चमचा’ असा तास चालला, तर मुलाला आई उरत नाही, आणखी एक शिक्षिका मिळते. अंघोळ, भाजी निवडणं, कपडे वाळत घालणं, जिने चढणं यांतच भरपूर शिकणं असतं.

‘आईचंच काहीतरी चुकलं असणार.’

हा समज सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत दुष्ट. आपल्याकडे ग्रहण पाळलं नाही इथपासून नोकरी सोडली नाही इथपर्यंत आरोपांची यादी तयार असते. हल्ली तिच्यात मोबाइलची भर पडली आहे. पण शिकलेली पाश्चात्त्य मंडळी यात मागे नव्हती. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींवरून ऑटिझमचं वर्णन केलं. पुढे, आईबाप भावनेनं थंड असल्यामुळे मुलं अशी होतात, ही कल्पना रुजली आणि ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द रूढ झाला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात तिला आणखी बळ दिलं. हजारो आया ‘मी माझ्या लेकराला माया लावली नाही’ हा डाग घेऊन जगल्या.

या कल्पनेला जोरदार धक्का दिला तो एका बापानं. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता आणि घरात मायेला तोटा नव्हता. त्यांनी उपलब्ध संशोधन पिंजून काढून १९६४ मध्ये पुस्तक लिहिलं आणि ऑटिझमचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, संगोपनात नाही, असं मांडलं. १९६९ मध्ये खुद्द कॅनर यांनी पालकांच्या मेळाव्यात उभं राहून आईबापांना दोषमुक्त केलं. आज ऑटिझममध्ये जनुकांचा वाटा मोठा आहे हे पक्कं झालं आहे. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असते, हे तर १९५९ सालीच समजलं. ती बहुतेक वेळा पेशींच्या विभाजनात योगायोगानं येते. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते हे खरं, पण तिच्या वागण्याचा, खाण्याचा, ग्रहणाचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही.

मोबाइलबद्दल एवढंच म्हणता येईल, की त्याच्यामुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. मात्र पडद्यासमोर जाणारा वेळ माणसांबरोबरच्या खेळातून वजा होतो, तेव्हा तो आवरावा हे बरं. लसीबद्दल तर वादच संपला आहे. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध अवघ्या १२ मुलांवर बेतलेला होता आणि ‘लॅन्सेट’नं २०१० मध्ये तो मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. मुलाला लस द्या.

‘थांबा, बोलेल. त्याचा बापही उशिराच बोलला होता.’

आजीच्या या वाक्यानं किती वर्षं खाल्ली असतील! बाप उशिरा बोलला असेलही. पण सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ असं दोन शब्दांचं बोलणं नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर वाट बघत बसू नये. आधी कानांची तपासणी, मग विकासाची. त्यासाठी मुंबई-पुण्याचीच वाट धरायला हवी असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरहून झाली. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणारं पथक याच कार्यक्रमातलं. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर ‘डीईआयसी’ ही केंद्रं असतात, आणि तिथली सेवा मोफत असते. आपल्या जिल्ह्याचं केंद्र कुठे आहे, ते आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारा.

‘घरी एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी.’

हा सल्ला शहरातल्या मराठी घरांत सर्रास मिळतो, कधीकधी तज्ज्ञांकडूनही. परिणाम असा, की ‘पाणी हवंय का रे राजा?’ म्हणणारी आजी अचानक मुकी होते आणि आई परक्या भाषेत ‘गिव्ह मी, गिव्ह मी’ करत राहते. मुलाभोवतीचं बोलणं वाढण्याऐवजी आटतं. दोन भाषांमुळे विशेष मुलांचं नुकसान होतं असा पुरावा नाही. कॅनडात डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये आला. त्यात दोन भाषांत वाढणारी मुलं इंग्रजीत एकभाषी मुलांच्या मागे पडलेली दिसली नाहीत. ऑटिझमच्या बाबतीतही चित्र असंच आहे. आईनं ज्या भाषेत न अडखळता रागवावं, लाडावावं, गाणं म्हणावं, तीच भाषा मुलासाठी चांगली. माझं मत विचाराल तर हा सल्ला आता सरळ धुडकावून लावावा.

याचाच भाऊ शोभेल असा दुसरा समज: चित्रांची कार्डं किंवा टॅबवरचं अॅप दिलं, की मूल आळशी होतं आणि बोलायचं सोडून देतं. २००६ मध्ये झालेल्या एका आढाव्यात भक्कम पुरावा असलेली २७ उदाहरणं निवडली होती. त्यांतल्या ८९ टक्के जणांचं तोंडी बोलणं वाढलं, उरलेल्यांचं होतं तेवढं राहिलं, एकाचंही घटलं नाही.

आणि बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, हेही कुणी धरून चालू नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी चिब यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटानं टाइप करून आत्मचरित्र लिहिलं. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मात्र हे उदाहरण दिलं की ऐकणाऱ्या आईच्या चेहऱ्यावर एक ओझं दिसतं: आता मीही संस्था काढायची का? नाही हो. संस्था न काढता, मुलाला घेऊन बाजारात जाणारी आईही पुरेशी चांगली आई असते.

‘एकदा स्वीकारलं, की झालं.’

स्वीकार ही एकदाच करायची सही नव्हे. सायमन ऑल्शान्स्की या अमेरिकी अभ्यासकानं १९६२ मध्ये एक निरीक्षण मांडलं. मतिमंद मुलांच्या पालकांचं दुःख ठरावीक मुदतीत संपत नाही, ते अधूनमधून परत येतं, आणि हा आजार नाही, साहजिक प्रतिक्रिया आहे. आपल्याकडे ते कधी येतं, हे या घरांना पाठ असतं. जूनमध्ये चाळीतली बरोबरीची पोरं नवी दप्तरं घेऊन निघतात तेव्हा. दहावीच्या निकालाचे पेढे घरी येतात तेव्हा. चुलतभावाच्या हळदीला. वर्षानुवर्षं हसतखेळत सगळं निभावणारा बाप त्या दिवशी गच्चीत जाऊन उभा राहतो. म्हणजे त्यानं मुलाला स्वीकारलं नव्हतं असं नाही. मुलाचा अभिमान आणि त्याच्यासाठीचं दुःख एकाच माणसात, एकाच संध्याकाळी असू शकतं. अशा वेळी ‘सकारात्मक राहा’ म्हणणाऱ्यापेक्षा चहा टाकणारा पाहुणा बरा.

अशा मुलामुळे संसार मोडतात, हे सरसकट खरं नाही. ‘ऐंशी टक्के घटस्फोट’ असा आकडा अमेरिकेत बरीच वर्षं फिरत होता. २०१० मध्ये तिथल्याच एका मोठ्या पाहणीत ऑटिस्टिक मुलांपैकी ६४ टक्के मुलं दोन्ही पालकांजवळ राहताना आढळली, इतर मुलांत हे प्रमाण ६५ टक्के होतं. आईनं नोकरी सोडलीच पाहिजे, हाही कुठला नियम नाही. हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये राज्य सरकारला बजावलं, की दिव्यांग मुलांच्या आयांना बालसंगोपन रजा देण्याबाबत धोरणाचा फेरविचार करा. आणि हे काम एकट्या आईचं नाही, बापानंही महिन्यातून दोनदा स्वतः थेरपीला जावं. नुसतं गाडीत बसून राहू नये, आत जावं.

‘आमच्यामागे हिचा भाऊ बघेल.’

या एका वाक्यावर पुष्कळ घरांचं नियोजन संपतं. इथला गैरसमज कायद्याचा आहे. मूल अठरा वर्षांचं झालं, की आईबापही त्याचे आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बँकेत, मालमत्तेच्या कागदांवर अडतं तेव्हा हे कळतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी अर्ज करता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती त्यावर निर्णय घेते. प्रत्येकालाच असा पालक लागतो असं नाही. जो स्वतःचे निर्णय घेऊ शकतो त्याच्यावर तो लादू नये. याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे. राहण्याच्या सोयीचं म्हणाल, तर बदलापूरची ‘आधार’ ही संस्था अशा मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभी केली आहे. ती एकदा बघून या.

मूल सोळा-सतरा वर्षांचं असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक स्तर समितीची चौकशी आताच करा. आणि अर्जावर भावाचं नाव घालण्याआधी त्याला समोर बसवून विचारा. त्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक हवी.