अमेरिकेतील निवासी डॉक्टरांची ‘जुळवणी’ : हुकलेली संधी आणि दुसरा अर्ज

अमेरिकेत वैद्यकीय पदवीधरांच्या दृष्टीने मार्च महिन्याचा तिसरा आठवडा मोठ्या औत्सुक्याचा असतो. वैद्यकीय पदवी मिळाली म्हणून तेथे स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून प्रशिक्षण घ्यावे लागते आणि या प्रशिक्षणाच्या बहुतेक जागा ‘मॅच’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय जुळवणीतून भरण्यात येतात. त्या आठवड्यातील सोमवारी उमेदवाराला आपणास जागा मिळाली की नाही एवढेच कळविले जाते. कोणत्या रुग्णालयात मिळाली, हे कळण्यासाठी शुक्रवारपर्यंत थांबावे लागते. ज्यांच्या वाट्याला सोमवारी नकार येतो त्यांच्यात महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतून एम.बी.बी.एस. होऊन तिकडे गेलेले, अथवा येथूनच अर्ज केलेले, तरुण डॉक्टरही दरवर्षी असतात. अशा उमेदवाराने दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करताना काय ध्यानात घ्यावे, हे समजण्यासाठी प्रथम या पद्धतीची घडण पाहणे आवश्यक आहे.

पद्धतीचा उगम

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पदवीधर थोडे आणि रुग्णालयांतील जागा अधिक अशी स्थिती होती. चांगला विद्यार्थी दुसऱ्या रुग्णालयाने पळवू नये म्हणून जागा देण्याची घाई इतकी वाढली की, पदवी मिळण्यास दोन-दोन वर्षे असतानाच विद्यार्थी नक्की केले जाऊ लागले. त्यास पायबंद घालण्यात आला तेव्हा निराळीच ओढाताण सुरू झाली. १९४५ मध्ये विद्यार्थ्याला होकार-नकार कळविण्यास दहा दिवसांची मुदत होती. १९४९ मध्ये बारा तासांची मुदतदेखील रुग्णालयांच्या संघटनेला फार वाटली. या गोंधळावर उपाय म्हणून १९५२ पासून मध्यवर्ती जुळवणी अंमलात आली. उमेदवाराने रुग्णालयांचा आणि रुग्णालयाने उमेदवारांचा पसंतिक्रम द्यावयाचा व दोहोंचा मेळ मध्यवर्ती कार्यालयाने घालावयाचा, असे तिचे स्वरूप आहे.

पुढे १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी नेमका हाच प्रश्न, महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह यांची उदाहरणे घेऊन, स्वतंत्रपणे सोडविला. वधूवरांच्या पत्रिका जुळविणाऱ्या आपल्या समाजाला हे उदाहरण परके वाटू नये. मात्र येथे ग्रहांऐवजी उभय पक्षांची पसंती विचारात घेतली जाते, एवढाच फरक. त्यांनी सुचविलेली रीत व रुग्णालयांची १९५२ पासूनची रीत तत्त्वतः एकच आहे, हे अल्विन रॉथ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. १९९८ च्या जुळवणीपासून रॉथ यांच्या साहाय्याने सुधारलेली रीत वापरात आली आणि तीत प्रस्ताव उमेदवाराच्या बाजूने मांडला जाऊ लागला. रॉथ व शॅपली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

ही रीत समजण्यास अवघड नाही. संगणक उमेदवाराचे नाव प्रथम त्याच्या पहिल्या पसंतीच्या रुग्णालयाकडे नेतो. तेथे जागा असेल आणि रुग्णालयाच्या यादीत त्याचे नाव असेल तर त्याला तात्पुरते ठेवून घेतले जाते. नंतर त्या रुग्णालयाला अधिक पसंत असलेला दुसरा कोणी आला तर पहिला बाजूला होतो व त्याचे नाव त्याच्या पुढील पसंतीकडे जाते. कोणालाही हलविण्याचे कारण उरले नाही म्हणजे निकाल कायम होतो.

क्रमाची हुशारी व्यर्थ

या रचनेतून निघणाऱ्या दोन गोष्टी पुन्हा अर्ज करणाराच्या विशेष उपयोगाच्या आहेत. यादीच्या तळाशी आणखी एक नाव लिहिल्याने वरच्या नावांची शक्यता कणभरही कमी होत नाही, ही पहिली. निकाल उभय पक्षांवर बंधनकारक असल्यामुळे जेथे जाण्याची मुळीच तयारी नाही तेथले नाव लिहू नये. पण अन्यथा यादी आखूड ठेवण्यात काहीच लाभ नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जोडप्याने एकत्र अर्ज करण्याची सोय आहे, तिच्यामुळे येणारी गुंतागुंत वगळली तर, दिलेल्या पसंतिक्रमांवरून ज्या ज्या स्थिर जुळवण्या होऊ शकतात त्या सर्वांत न जुळणारे उमेदवार तेच राहतात, असे सिद्ध झालेले आहे. या सिद्धांताला ‘ग्रामीण रुग्णालयांचा सिद्धांत’ असे नाव पडले आहे. ग्रामीण रुग्णालयांच्या जागा रिकाम्या राहतात हा जुळवणीच्या रीतीचा दोष असावा, असा तेथे समज होता. रीत बदलली तरी त्या जागा रिकाम्याच राहतील, हे गणिताने दाखविले. न जुळलेल्या उमेदवारालाही हाच न्याय लागू आहे. ‘अमुक रुग्णालय पहिले लिहावयास हवे होते’ अशी हळहळ अनेकांना वाटते, परंतु ती निराधार आहे. बदलावयाचे असेल तर यादीत किती आणि कोणती रुग्णालये आहेत ते, आणि त्या रुग्णालयांनी उमेदवाराला कोठे ठेवले ते.

भारतीय उमेदवाराची या ठिकाणी हमखास गल्लत होते. आपल्याकडे पदव्युत्तर प्रवेश राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील गुणानुक्रमावर होतात. एका वर्षी क्रमांक खाली आला तर पुढील वर्षी अधिक अभ्यास करून तीच परीक्षा द्यावयाची, असा सरळ मार्ग आहे. किती गुण कमी पडले, हेही उमेदवाराला कळते. अमेरिकेत असा एकच गुणानुक्रम नसतो. शिवाय तेथील परवाना परीक्षेचा टप्पा एकदा उत्तीर्ण झाल्यावर गुण वाढविण्यासाठी तो पुन्हा देता येत नाही. पहिला टप्पा तर २६ जानेवारी २०२२ पासून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण याच स्वरूपात जाहीर होतो. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या लेखी परीक्षेतील गुणांना पूर्वीपेक्षा वजन आले असून, ते कमी असले तर तसेच राहतात. वर्षभर पुन्हा तीच पुस्तके उघडून बसण्याची येथली सवय तेथे कामास येत नाही.

कोठे अडले ?

पुन्हा अर्ज करण्यापूर्वी गतवर्षी आपण नेमके कोणत्या पायरीवर अडलो, हे प्रामाणिकपणे ठरविणे हे खरे काम होय. अर्ज अनेक, परंतु मुलाखतीचे बोलावणे एकही नाही, असे घडले असल्यास दोष बहुधा कागदावर दिसणाऱ्या गोष्टींत असतो. एखाद्या टप्प्यात आलेले अपयश, पदवी मिळून लोटलेली वर्षे, अमेरिकेतील रुग्णालयात कामाचा अनुभव नसणे, परदेशी पदवीधरांना लागणारे प्रमाणपत्र वेळेवर हाती नसणे, अर्ज उशिरा जाणे, ही त्याची नेहमीची कारणे. ज्या रुग्णालयाकडे हजारो अर्ज येतात तेथे असे अर्ज चाळणीतच गळतात. ते कोणी वाचलेलेही नसतात. मुलाखती पुरेशा झाल्या, तरीही जागा मिळाली नाही, असे असेल तर गुणपत्रिकेला बोल लावण्यात अर्थ नाही. कागद पसंत पडले म्हणूनच बोलावणे आले होते. अशा उमेदवाराने मुलाखतीची तयारी, बोलण्यातील स्पष्टता, त्या रुग्णालयाविषयीची माहिती यांकडे लक्ष पुरविले पाहिजे. २०२० पासून बहुसंख्य मुलाखती दूरदृश्य पद्धतीने होऊ लागल्याने भारतात राहणाऱ्याचा प्रवासखर्च वाचला, हे खरे. परंतु समोरच्या माणसाला पडद्यावरून आपलेसे करणे सोपे नसते.

तिसरा प्रकार शाखेच्या निवडीचा. त्वचारोग, अस्थिव्यंगशास्त्र, मज्जासंस्थेची शल्यचिकित्सा अथवा प्लॅस्टिक सर्जरी या शाखांत अमेरिकेतच शिकलेले उत्तम विद्यार्थीदेखील मागे राहतात. त्याच शाखेचा आग्रह धरून दुसऱ्यांदा अर्ज करावयाचा तर एखाद्या विभागात वर्षभर संशोधन करून तेथील प्राध्यापकांचा परिचय व शिफारस मिळविणे, हा रूढ मार्ग आहे. तो खर्चिक आहे आणि त्यात हमी नाही. जोडीला मेडिसिन अथवा कुटुंबवैद्यक अशा शाखेतही अर्ज करावयाचा झाल्यास प्रत्येक शाखेसाठी निवेदन व शिफारसपत्रे निराळी हवीत. शस्त्रक्रियेच्या आवडीचे गुणगान करणारे निवेदन कुटुंबवैद्यकाच्या विभागाकडे गेले म्हणजे काय होते, हे सांगावयास नको.

गतवर्षी कोणत्या शाखेत जागा रिकाम्या राहिल्या ते पाहून धाव घेणेही धोक्याचे असते. तातडीच्या वैद्यक शाखेत २०२२ मध्ये २१९ जागा भरल्या गेल्या नाहीत. २०२३ मध्ये हा आकडा ५५४ वर गेला. ते पाहून अनेकांच्या आशा पल्लवित झाल्या. पण २०२४ मध्ये रिकाम्या जागा अवघ्या १३५ राहिल्या.

आकडे काय सांगतात

२०२४ च्या जुळवणीत पसंतिक्रम देणारे ४४,८५३ उमेदवार होते आणि जागा ४१,५०३ होत्या. अमेरिकेतील एम.डी. अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्के विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. अन्य देशांचे नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांत हे प्रमाण ५८.५ टक्के होते. तेथील महाविद्यालयांतून आधीच्या वर्षी पदवी घेऊन नंतर अर्ज करणारांपैकीही सुमारे निम्म्यांनाच यश येते. जागा एकदम वाढण्याचा संभव कमी आहे. कारण निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला मेडिकेअर योजनेतून जे साहाय्य मिळते त्यावर १९९७ च्या कायद्याने मर्यादा घातली आणि त्या काळच्या संख्येवर ते बव्हंशी गोठविले. पुढे वाढ झाली ती थोडीच.

न जुळलेल्या उमेदवारांसाठी त्याच आठवड्यात, २०१२ पासून, उरलेल्या जागांची पुरवणी फेरी घेण्यात येते. तीत जास्तीत जास्त ४५ अर्ज करता येतात, जागा देऊ केल्यावर दोन तासांत उत्तर द्यावे लागते आणि रुग्णालयाने संपर्क साधल्याखेरीज उमेदवाराने, अथवा त्याच्या वतीने अन्य कोणी, दूरध्वनी वा पत्र करावयाचे नसते. हा नियम मोडणे महागात पडते. या फेरीत शस्त्रक्रियेच्या एक वर्षाच्या प्राथमिक जागा बऱ्याचदा मिळतात. अशी जागा घेतल्यास अमेरिकेतील प्रत्यक्ष अनुभव पदरी पडतो, परंतु वर्ष संपल्यावर पुढील जागेची शाश्वती नसते आणि कामाच्या धबडग्यातूनच नव्या अर्जासाठी वेळ काढावा लागतो.

मधले वर्ष

मार्चमध्ये निकाल लागतो आणि पुढील हंगामाचे अर्ज सप्टेंबरात रुग्णालयांकडे जातात. म्हणजे हाती जेमतेम सहा महिने असतात. एवढ्या अवधीत अर्जात नवे काही दिसले पाहिजे. परवाना परीक्षेचा तिसरा टप्पा परदेशी पदवीधराला प्रमाणपत्र मिळाल्यावर देता येतो. दुसऱ्या टप्प्यातील गुण बेताचे असणाऱ्याला तो उत्तीर्ण होणे हा मोठा आधार ठरतो आणि एच-१बी व्हिसावर निवासी होऊ इच्छिणाराला तो आवश्यकच असतो. शिफारसपत्रे ताजी हवीत. केवळ शेजारी उभे राहून पाहण्याच्या सशुल्क संधी देणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत. परंतु ज्याने उमेदवाराला रुग्ण तपासताना पाहिलेच नाही त्याच्या पत्राला वजन ते किती असणार?

महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावयाची असते. परदेशी जाण्याच्या वाटेवरील अडथळा म्हणूनच पुष्कळजण तिच्याकडे पाहतात. वास्तविक पदवी आणि अर्ज यांमधील रिकामे वर्ष हा अमेरिकन निवड समितीच्या डोळ्यांत खुपणारा दोष असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून स्वतंत्र जबाबदारीने बाह्यरुग्ण विभाग, बाळंतपणे, सर्पदंश, साथरोग सांभाळलेल्या डॉक्टरपाशी मुलाखतीत सांगण्याजोगे जे असते, ते शिकवणी वर्गात वर्ष घालविलेल्यापाशी नसते. बंधपत्राचा प्रश्नही त्याच वर्षात निकालात निघतो. अर्जात मात्र हे काम ‘ग्रामीण सेवा’ या दोन शब्दांत न आटोपता, किती रुग्ण पाहिले, कोणता निर्णय स्वतः घेतला, हे नेमकेपणाने नमूद करावे लागते.

काही कागदपत्रे भारतातूनच मिळवावी लागतात आणि त्यांना वेळ लागतो. परदेशी पदवीधरांच्या प्रमाणपत्रासाठी पदवी व गुणपत्रिकांची पडताळणी महाविद्यालयामार्फत होते. भारतीय महाविद्यालयांच्या दृष्टीने एक अडचण दूर झालेली आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाला २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली. जे-१ व्हिसावर जाणाराला नवी दिल्लीच्या आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाचे आवश्यकता-पत्र सादर करावे लागते आणि प्रशिक्षण संपल्यावर, सूट मिळाली नाही तर, दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. जागा मिळाल्यावर १ जुलैला रुजू व्हावयाचे असते. मार्चचा निकाल आणि ही तारीख यांमध्ये केवळ साडेतीन महिने असल्यामुळे, पहिल्या खेपेस हे कागद गोळा केलेल्या उमेदवाराने ते जपून ठेवावेत, त्यांपैकी कोणत्यांची मुदत संपते ते पाहावे आणि नव्याने काढावयाचे असतील त्यांसाठीचे अर्ज वेळीच करावेत.