घोडेगाव आणि परदेशची विद्या

शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतून यंत्रविद्या शिकून आले. त्यांच्या पाठीशी घरचा कारखाना होता. डिंभे धरणात ज्यांची शेते बुडाली, त्या आदिवासींच्या मुलांच्या पाठीशी कोण आहे? घोडेगावी आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. परदेशी पदवीसाठी सरकारी शिष्यवृत्तीही आहे. परंतु वर्षानुवर्षे घरापासून दूर राहणे गरिबाच्या मुलास कसे परवडावे? येथे स्थापत्यशास्त्र शिकत असता एका सत्रापुरते परदेशी विद्यापीठात जाणे त्यास सोयीचे. त्या सत्राचा खर्च सरकारने द्यावा व तेथील गुण येथील विद्यापीठाने ग्राह्य धरावेत. ज्यांनी धरणासाठी जमीन दिली, त्यांच्या मुलांनी धरण बांधण्याची विद्या मिळवू नये काय?