तंजावरची यात्रा

गोंदियालगतच्या फुलचूरहून दक्षिणयात्रेस निघालेलें मराठी कुटुंब बल्लारशाहावरून चेन्नईची वाट धरतें, आणि रामेश्वर-मदुरेच्या घाईंत तंजावरास जेमतेम एक दिवस देतें. वास्तविक तेथें चार दिवस निवांत राहावें, इतकें त्या नगरांत मराठी मनुष्याचें स्वतःचें आहे.

पहिलें दर्शन अर्थातच बृहदीश्वराचें. राजराज चोळानें बांधविलेलें हें देवालय १०१० सालीं पुरें झालें. त्याचें शिखर साठ मीटरांहून उंच आहे. बहुतेक यात्रेकरू शिखर व नंदी पाहून परततात. आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतींकडे फारसें कोणी वळत नाहीं. तेथें १८०३ सालीं दुसऱ्या सरफोजी राजांनीं भोसले घराण्याचा इतिहास मराठींत कोरविला आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी यांनीं १६७५ च्या सुमारास येथें राज्य स्थापिलें. परंतु १७९९ मध्येंच कारभार कंपनीच्या हातीं गेला होता. सत्ता सुटल्यावर राजानें आपल्या कुळाची आठवण दगडाच्या स्वाधीन केली, हें ध्यानांत घेऊन तो लेख वाचावा. तो राजघराण्यानें स्वतःविषयीं सांगितलेला वृत्तांत आहे, हेंही विसरूं नये.

याच राजानें राजवाड्यांतील सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केलें. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबर तेथें मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. मोडी वाचणारे आज थोडे उरले आहेत. म्हणून पूर्वजांचे ते कागद समोर असूनही पुष्कळांस मुकेच राहतात.

उत्सवांचे दोन काळ सोयीचे. तमिळ ऐप्पशी मासांत, म्हणजे मध्य-ऑक्टोबर ते मध्य-नोव्हेंबरच्या दरम्यान, शततारका नक्षत्रावर राजराजाचा जन्मोत्सव होतो. पौष वद्य पंचमीस जवळच्या तिरुवैयारूस त्यागराजांची आराधना होते. कावेरीच्या कांठीं शेंकडों गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृति गातात. मराठी कीर्तनपद्धतीचा संस्कारही याच प्रदेशांतील हरिकथेवर झाला. साकी-दिंडीच्या चाली तेथें रुळल्या.

घरीं मराठी व बाहेर तमिळ बोलणारीं कुटुंबें तंजावरांत अद्याप आहेत. त्यांची मराठी किंचित् निराळी वाटते. ती ऐकून हंसूं नये. साडेतीन शतकें परप्रांतीं जपलेलें तें आपलेंच धन आहे.