दूरचित्रवाणीवरील खेळ आणि ठिपक्यांचा हिशेब



गेल्या दिवाळीच्या सुटींत चांदवडला आमच्या घरीं नातवानें हट्ट धरला. खेळांचें यंत्र त्याच्याजवळ होतेंच. परंतु आमच्या बत्तीस इंची दूरचित्रवाणीवर अक्षरें पुसट दिसतात, सबब ‘फोर-के’चा मोठा संच घ्यावा, असें त्याचें म्हणणें. उन्हाळी कांद्याची चाळ नुकतीच रिकामी झाली होती. हातीं आलेला पैसा पुढील लागवडीच्या खतासाठीं राखून ठेवावयाचा होता. मुलाचें मन मोडवेना, व पैसा उडविणेंहि परवडेना. तेव्हां निर्णयापूर्वीं हा विषय समजून तरी घ्यावा, असें मीं ठरविलें.

पडद्यावरील चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी होय. एका ओळींत ठिपके किती व ओळी किती, हें पडदा बनतांनाच ठरतें. मागाहून त्यांत एकहि वाढत नाहीं. मुंबईस १९७२ सालीं दूरचित्रवाणी सुरू झाली, त्या पद्धतींत ६२५ रेषा असत व त्यांपैकीं ५७६ चित्राच्या कामीं येत. आजच्या ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारें २१ लाख ठिपके असतात. ‘फोर-के’वर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे त्याच्या बरोबर चौपट. बत्तीस इंची ‘एचडी रेडी’ संचांपैकीं पुष्कळांचा पडदा मात्र १३६६ गुणिले ७६८ चा असतो. आमचाहि तसाच निघाला.

यंत्र पाठवील तितकेच ठिपके पडद्यावर असले, तर प्रत्येक ठिपका आपल्या जागीं बसतो. १०८० ओळींचें चित्र २१६० ओळींच्या पडद्यावरहि नीट बसूं शकतें. एका ठिपक्याच्या जागीं चार मांडले कीं झालें. परंतु ७२० ओळींचें चित्र १०८० ओळींत बसवावयाचें, तर एका ठिपक्याच्या वांट्यास दीड जागा येते. अर्धा ठिपका काढतां येत नाहीं. मग संच शेजारच्या रंगांची सरासरी काढतो, आणि कडा पुसट होतात.

म्हणून पडद्याच्या मूळ ठिपक्यांइतकेंच चित्र पाठवावें, हा पहिला नियम. आमच्या यंत्रांतून ७२० किंवा १०८० इतकेंच देतां येत होतें. ७६८ ला दोन्ही चपखल नव्हेत. अशा वेळीं दोन्ही लावून बारीक अक्षरें वाचून पाहावींत. आम्हांस १०८० वर तीं अधिक स्वच्छ दिसलीं. शिवाय संच चित्र ताणून त्याच्या कडा कापीत होता. तें ताणणें बंद करतांच आणखी फरक पडला. आंकड्यापुढें ‘आय’ असेल, तर एका खेपेस एकाआड एक ओळीच येतात. ‘पी’ असेल, तर सर्व येतात. खेळासाठीं ‘पी’च निवडावा.

दुसरी गोष्ट गतीची. ‘फोर-के’साठीं यंत्रास चौपट ठिपके रंगवावे लागतात. तें धापा टाकूं लागलें, तर सेकंदास ६० चित्रांऐवजीं ३० च येतात, आणि क्रिकेटच्या खेळांत चेंडू बॅटीपुढून निघून जातो. तेथें ओळी कमी करून गति राखावी. संचांत ‘गेम मोड’ असल्यास तोहि लावावा. त्यानें चित्र सजविण्यांत जाणारा वेळ वांचतो, व कळ दाबल्याचा परिणाम लवकर दिसतो.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. दोन ठिपक्यांतील कोन अंशाच्या साठाव्या भागाहून कमी झाला, कीं सामान्य निरोगी डोळ्यास ते वेगळे ओळखूं येत नाहींत. या हिशेबानें आमच्या पडद्यावरील ठिपके सहा फुटांवर एकमेकांत मिसळतात. पंचावन्न इंची ‘फुल एचडी’चे ठिपके सात फुटांवर मिसळतात; त्यापलीकडे बसणारास ‘फोर-के’चे जादा ठिपके फारसे दिसावयाचे नाहींत. आमचा नातू बसत होता चार फुटांवर!

त्यानें स्वतः टेप लावून खुर्ची सहा फुटांवर नेली. अक्षरें आतां लहान भासूं लागलीं. तीं खेळाच्या मांडणींतच मोठीं करतां आलीं. दोन दिवस खेळून तो म्हणाला, “आजोबा, यंदा राहूं द्या.” कांद्याचा पैसा खतास गेला.

नवा संच कोणी घेऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं घरच्या पडद्याचे ठिपके आणि खुर्चीचें अंतर एकदां मोजावें, इतकेंच.