शंकरपटाचे मानकरी

दिवाळीच्या पणत्या विझल्या की आपल्याकडे सण संपला. फराळाचे डबे रिकामे होतात, मुले वह्या-पुस्तके शोधू लागतात आणि गृहिणी सुटकेचा निःश्वास टाकते. पण भंडारा जिल्ह्यात खऱ्या धामधुमीला आरंभ होतो तो त्यानंतरच, हे सांगितले तर पुण्यामुंबईच्या वाचकांना थोडे नवल वाटेल.

भाऊबीजेपासून वैनगंगेच्या खोऱ्यात गावोगाव मंडई भरू लागते. आज या गावी, उद्या शेजारच्या, परवा नदीपलीकडे. दिवसा दंडार होते, दुकाने लागतात, लेकीजावयांनी घरे भरून जातात. मंडईचे दिवस सरतात न सरतात तोच धानाची कापणी, बांधणी, मळणी येते. धान घरात आले आणि हवेत चांगला गारठा पडला, की मग ज्याची लहानथोर वाट पाहत असतात तो शंकरपट येतो.

पट म्हणजे बैलांची शर्यत. शंकराचे वाहन नंदी, म्हणून हा शंकराचा पट, असे लोक सांगतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींचे नाव आपण अधिक ऐकतो. विदर्भाचा पट त्याहून थोडा निराळा. हलका छकडा, त्याला दोन बैल आणि त्यावर अंग चोरून बसलेला एकच धुरकरी. काही ठिकाणी शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवरून दोन जोड्या एकदम सुटतात आणि त्यांची झुंज लागते. काही ठिकाणी प्रत्येक जोडीची वेळ घड्याळावर मोजतात. शर्यत सुरू झाली म्हणेपर्यंत ती संपलेली असते. पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत सेकंदाच्या शतांशाचे अंतर पडते. पूर्वी त्यावरून दुपारभर वाद चालत. आता बऱ्याच ठिकाणी ते काम विजेवर चालणाऱ्या यंत्राकडे गेले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाचे नाव सर्व विदर्भात आहे. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीतला पट म्हणजे निव्वळ शर्यत नव्हे, ती गावाची वार्षिक भेट आहे. एरवी वर्षभर न दिसणारा सोयरा पटाला दिसतो. उपवर मुलीची गोष्ट इथेच निघते आणि पुढच्या उन्हाळ्यातल्या कित्येक लग्नांची पहिली सुपारी पटाच्या धुरळ्यात फुटलेली असते.

जिंकलेल्या जोडीचा मालक गुलाल उधळून घेतो, वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. या लेखात मात्र मला त्याच्याविषयी सांगायचे नाही. ज्यांच्या अंगावर गुलाल पडत नाही, फक्त धूळ पडते, त्या माणसांविषयी सांगायचे आहे.

पट भरवायचा असे गावाने ठरवले की पहिला प्रश्न जागेचा. भंडारा हा धानाचा जिल्हा. इथली जमीन लहान लहान बांध्यांत विभागलेली आणि प्रत्येक बांधीला मातीचा बांध. बैल सरळ धावायचे तर लांबलचक सपाट पट्टी हवी. मग गावाजवळची पडीक जमीन पाहायची, नाहीतर कोणा शेतकऱ्याला गळ घालायची. पट्टी नांगरून, दगड वेचून, पाणी मारून, फळी फिरवून सारखी करायची. वेचायचा राहिलेला एक दगड बैलाचा खूर जायबंदी करू शकतो, म्हणून हे काम पोरासोरांवर सोपवीत नाहीत. दगड वेचायला जाणती माणसे वाकतात. त्यानंतर दोन्ही बाजूंना बांबू रोवणे, दोर बांधणे, बाहेरगावच्या जोड्यांसाठी सावली, पाणी आणि चाऱ्याची तजवीज, वर्गणीची वही, पाहुण्यांच्या जेवणाचा अंदाज. ही सारी कामे करणाऱ्या मंडळाला कार्यालय नसते. कोणाच्या तरी ओसरीवर सतरंजी अंथरली की तेच कार्यालय.

पटाच्या दिवशी सर्वांत अवघड काम कोणते, असे विचाराल तर उत्तर ठरलेले आहे: दोर धरून उभे राहण्याचे. जोडी सुटली की गर्दीला चेव चढतो. मागचे पुढच्याला रेटतात, पुढचा मान लांब करतो, आणि बांबू वाकू लागतात. भरधाव बैलांपुढे एखादे पोर आले तर धुरकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. त्यात शेवटची रेघ ओलांडली म्हणून बैल लगेच थांबत नाहीत. त्यांना पुढे बरीच मोकळी जागा लागते, आणि नेमकी तिथेच निकाल पाहायला सर्वांत जास्त माणसे जमतात. त्या टोकाला उभे राहणारे स्वयंसेवक दिवसभर पटाकडे पाठ करून उभे असतात. आपल्या गावचा पट, पण त्यांना एकही जोडी धड दिसत नाही. त्यांचे डोळे माणसांवर. कोणती जोडी जिंकली हे ते गर्दीच्या चेहऱ्यावरून ओळखतात.

मध्यंतरी ही हौस जवळजवळ कायमची बंद पडली होती. 11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने खेळ-तमाशात वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला, आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी घातली. 2017 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास अटकाव केला. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मोकळीक दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि कर्नाटकाचा कंबळा यांचे भवितव्यही त्याच निकालाने ठरले. कंबळा हा आपल्या पटाचा दक्षिणेतला चुलतभाऊ. तिथे बैलांऐवजी रेडे आणि धुळीऐवजी चिखल. पण शेजारशेजारचे दोन पट्टे, धानाचा मुलूख आणि हिवाळ्याचे दिवस तेच.

बंदी आली तेव्हा झाडीपट्टीत हळहळ झाली हे खरे. जोडीवर घरच्या माणसासारखा खर्च करणारे मालक हवालदिल झाले. पण ती बंदी उगाच आली नव्हती, हेही गावातल्या विचारी माणसांनी मनात कबूल केले पाहिजे. हातातली पराणी काय करते हे कोणाला ठाऊक नव्हते? शेपटी पिरगाळणे, चावणे, टोचणे, चाबूक ओढणे हे प्रकार भर मैदानात चालत आणि लोक त्यावर टाळ्या पिटत. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या खांद्याला तूप-हळद लावायची, झूल घालायची आणि पुरणपोळी भरवायची, त्याच बैलाला पटाच्या दिवशी रक्त येईपर्यंत टोचायचे, ही विसंगती न्यायालयाने दाखवून देईपर्यंत आपल्याला दिसली नाही, याची थोडी लाज वाटायला हवी.

आता नियम झाले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, बैलांची पशुवैद्याकडून तपासणी हवी. काठी, चाबूक, विजेचा झटका, उत्तेजक औषध यांस सक्त मनाई. नियम मोडल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद अशी कायद्यात तरतूद आहे. परंतु कागद कितीही कडक असला तरी तो धावपट्टीवर उभा राहत नाही. तिथे उभा राहतो गावचाच एखादा तरुण. समोरून येणारा धुरकरी कदाचित त्याच्या मामाचा मुलगा असतो, जोडी सरपंचाच्या व्याह्याची असते. अशा वेळी पुढे होऊन “भाऊ, हातातलं ठेवा, नाहीतर जोडी बाद,” असे म्हणायला छाती लागते. म्हणणाऱ्याशी वर्षभर कोणी बोलत नाही, असेही घडते. पट राहणार की पुन्हा जाणार याचा निकाल दिल्लीत लागला असे आपण समजतो. वास्तविक तो दर हिवाळ्यात या एका वाक्यावर लागत असतो.

आणखी एक काळजी आहे, आणि तिच्यावर कोणत्याही न्यायालयाकडे उपाय नाही. चिखलणीचे काम ट्रॅक्टर करू लागला आणि गोठ्यातली बैलजोडी कमी झाली. पूर्वी नांगराचाच बैल पटात धावे; शर्यत म्हणजे त्याच्या वर्षभराच्या मेहनतीची कसोटी असे. आता पटाची जोडी वेगळी. तिला ढेप, कणीक, दूध. तिची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची. असेच चालले तर पट हा मोजक्या धनिकांचा शौक होईल आणि गाव निव्वळ प्रेक्षक बनेल. म्हणून गावच्या साध्या जोड्यांसाठी वेगळा गट ठेवण्याची पद्धत मला मोलाची वाटते. त्या गटाचे बक्षीस लहान असते, पण टाळ्या मोठ्या असतात; कारण धावणारा बैल कोणाच्या गोठ्यातला हे प्रत्येकाला ठाऊक असते.

सूर्य मावळतो, छकडे गावी परततात, आणि थंडीने दात वाजू लागतात. तरी पट संपलेला नसतो. रात्री नाटक असते. झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीपासून होळीपर्यंत जागी राहते ती अशाच मंडई-पटांच्या जोरावर. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे तिचे माहेर. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा चार जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांना आपल्याच घरी मान आल्यासारखे वाटले. घोंगड्या पांघरून, पोटाशी मुले घेऊन बायाबापड्या पहाटेपर्यंत नाटक पाहतात. दिवसभर दोर धरून उभे असलेले तरुण या वेळी कुठे असतात, असे शोधाल तर ते मंडपाच्या मागच्या बाजूला भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपी गेलेले दिसतील. त्यांच्या तळहातांवर दोराचे वळ उठलेले असतात.

सकाळी पाहुणे निघतात. सासरी जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत नव्या तांदळाची पुरचुंडी पडते. आणि ज्या पट्टीवर काल हजारो माणसे ओरडत होती तिथे चार-दोन जण बांबू उपटत, कागद गोळा करीत हिंडत असतात. जमीन मालकाला होती तशी परत करायची असते. पटाचे बक्षीस कोणी नेले हे पुढच्या वर्षी कदाचित कोणाला आठवणार नाही. पण एकही पोर दुखावले नाही, एकाही बैलाच्या पाठीवर वळ उठला नाही, असा पट ज्या गावाने पार पाडला त्या गावाकडे पुढच्या हिवाळ्यात पाहुणे आपसूक वळतात. माझ्या मते तोच त्या गावाचा पहिला नंबर. आणि तो मिळवून देणारे हात कोणाचे, ते आता वाचकांना वेगळे सांगायला नको.