विमानातून घेतलेले पिकाचे चित्र : हवेचा दोष कसा काढावा?



शिंदखेडा तालुक्यातल्या कपाशीचे विमानातून ऑक्टोबरमध्ये एक चित्र घेतले आणि डिसेंबरमध्ये दुसरे घेतले, तर दोन्हींत फरक दिसणारच. पण तो फरक पिकातला की मधल्या हवेतला? हे न पाहता नकाशावरून फवारणी केली, तर पैसा वाया जातो.

इस्रो आणि नासा यांनी २०१५-१६ साली भारतात अशी विमान-पाहणी केली. तिच्यातला एव्हिरिस-एनजी कॅमेरा ३८० ते २५१० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड सुमारे ५ नॅनोमीटरच्या बारीक पट्ट्यांत मोजतो. एवढ्या बारीक मोजणीत हवेचा दोषही स्पष्ट उतरतो. धूळ व धुरकटपणा आपला उजेड मिसळतो. निळ्या पट्ट्यांत जास्त. बाष्प उजेड शोषून घेते; ९४० व ११४० नॅनोमीटरजवळ खड्डा पडतो. १४०० व १९०० जवळ तर जमिनीचा उजेड जवळजवळ पोचतच नाही. ते पट्टे सोडून द्यावेत.

दोष काढण्याच्या तीन पद्धती आहेत :

१) गडद जागेची वजाबाकी : खोल, नितळ पाण्याचा जो उजेड दिसतो, तो हवेचा समजून सगळीकडून वजा करतात. एकाच दिवसाच्या चित्रात हिरवे-पिवळे पीक वेगळे करायला हे पुरते. बाष्पाचा दोष मात्र जात नाही. पावसाळ्यातले तापीचे गढूळ पाणी यासाठी धरू नये.

२) ताडपत्रीची पद्धत : उड्डाणाच्या वेळी शेतात एक काळी व एक पांढरी ताडपत्री अंथरून त्यांचे परावर्तन यंत्राने मोजतात. त्यावरून चित्र दुरुस्त होते. ताडपत्री चित्रातल्या कित्येक ठिपक्यांएवढी मोठी हवी. क्षेत्र थोडे असेल, तर ही पद्धत चांगली.

३) गणिताची पद्धत : बाष्प किती, हे चित्रातल्याच ९४० व ११४० च्या खड्ड्यांवरून काढतात. सूर्य, विमान व जमीन यांची उंची घालून संगणक हिशेब करतो. मोठे क्षेत्र किंवा दोन वेगळ्या दिवसांची तुलना असेल, तर हीच घ्यावी. जमिनीवर दोन-चार जागी पडताळा मात्र घ्यावाच.

तेव्हा नकाशा हाती आला की विचारा : चित्र कोणत्या दिवशीचे? हवेचा दोष कसा काढला? पडताळा कुठे घेतला? उत्तर मिळाले तरी फवारणीआधी बांधावर जा, पान उलटून पाहा, मगच पंप उचला.